एप्रनच्या खिशातली बाटली

सासूबाईंच्या एप्रनच्या खिशात बाटली असते हे तिला कळलं ते भर दुपारी, अंघोळीहून केस पुसत बाहेर आल्यावर. सासूबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. उजव्या हातात बोटाएवढी काचेची बाटली, झाकण उघडं, ओठ हलताहेत पण आवाज नाही. बाळ गप्प होतं. इतकं गप्प की तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"काय झालं?"

"कुठे काय? ठसका लागला होता त्याला. गेला." सासूबाईंनी झाकण फिरवलं, बाटली खिशात टाकली आणि वरून बटण लावलं. "तू आधी केस नीट पूस. सर्दी होईल, मग दुधातून त्यालाही."

म्हणजे फिरून चूक तिचीच. तिने बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. श्वास चालू होता. ओठ गुलाबी, नखं गुलाबी. तरी तिचा हात काही तिथून निघेना.

ती औषधं आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. पोर झोपावं म्हणून घराघरांतून काय काय पाजलं जातं हे तिने ऐकलेलं नव्हतं, मोजलेलं होतं. आणि येत्या सोमवारी तिची रजा संपत होती. सोमवारपासून दिवसभर बाळ सासूबाईंकडे.

तसं पाहिलं तर याहून भरवशाचे हात कुठे मिळाले असते? सासूबाई जन्मभर प्रसूतिगृहात नर्स होत्या. अर्ध्या वस्तीला पहिली अंघोळ त्यांनीच घातलेली. बाजारात मिशीवाले बाप्ये त्यांच्यासमोर मान खाली घालत, "बाई, मी तुमच्या हातचा." परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही त्यांच्याच हातचा निघाला, आणि त्याला नळापेक्षा आपलं जन्माचं वजन जाणून घेण्यात जास्त रस होता.

बाळाच्या बाबतीत सासूबाईंचं मत नाही अशी गोष्ट नव्हती. चमचा किती वेळ उकळायचा, दुपटं कसं घडी घालायचं, पंखा किती लांब. फक्त एका गोष्टीवर त्या बोलल्या नव्हत्या. बाळाचा बाप्तिस्मा आत्ता करायचा नाही, मोठा झाला की त्याचं तो ठरवेल, असं तिने आणि नवऱ्याने सांगितलं, तेव्हा दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या या बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." त्या 'बरं'ने तिची झोप उडाली होती. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणखी एक होतं. त्या बाळाला नावाने हाक मारत नसत. त्यांच्या तोंडी तो कायम पाहुणा. पाहुण्याचं पोट भरलं का, पाहुण्याला उचकी लागली बघ. नवऱ्याला याची गंमत वाटायची. "आई, तुझा पाहुणा रात्रभर गोंधळ घालतो, त्याला जरा घरचे नियम सांग." आईच्या सगळ्याच तऱ्हांची त्याला गंमत वाटायची. चर्चच्या मागे एवढं फरसबंद पार्किंग असताना सासूबाई रविवारी गाडी तिथे लावू देत नसत. बाहेर गल्लीत, टायरवाल्याच्या दुकानाशी लावायची आणि चालत यायचं, पायात काटा असला तरी. "आईला पार्किंगचं वावडं आहे," तो सांगायचा. "एखाद्या रविवारी आमची गाडी दिसली नाही तर टायरवाला फोन करून तब्येत विचारतो."

या माणसाला जाऊन काय सांगणार, की तुझी आई आपल्या पोराला काहीतरी पाजते म्हणून?

तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्या तेव्हा दारामागे टांगलेल्या एप्रनचं बटण काढलं, सुईशिवायच्या सिरिंजने बाटलीतलं थोडं ओढून घेतलं, बाटली जशीच्या तशी ठेवली. नमुना पर्समध्ये, बाळाच्या मोज्यांशेजारी. सोमवारच्या कामाचं बोलून येते असं सांगून बाळाला छातीशी बांधलं आणि निघाली.

प्रयोगशाळेतल्या तिच्या जुन्या जोडीदारणीने नमुना उजेडात धरला. "घरी करमेना वाटतं. कुणाला उडवायचं चाललंय?"

"विचारू नकोस."

"म्हणजे सासू."

"अगं, झोपेचं काही निघतंय का तेवढं बघ. चेष्टा नको."

जोडीदारणीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग चेष्टा केली नाही. यंत्र सुरू झालं. ती बाळाला थोपटत पडद्याकडे बघत राहिली. रेघ सरळ चालली होती. कुठे टेकाड नाही, उंचवटा नाही. दुसऱ्यांदा लावलं, तरी तेच.

"पाणी आहे, बये. साधं नळाचं, उकळून गार केलेलं. इतकं स्वच्छ आपण इथे प्यायलाही ठेवत नाही."

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. औषध सापडलं असतं तर पुढे काय करायचं ते तिला ठाऊक होतं. पाणी सापडल्यावर काय करतात?

घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, समोरची खुर्ची ओढली आणि जे वाटेत दहा प्रकारे घोकलं होतं ते सगळं सोडून सरळ विचारलं.

"आई, त्या बाटलीत पाणी का आहे?"

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "म्हणजे तू तपासून आणलंस."

"हो."

"बरं केलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं."

ती रडायच्या बेतात होती, पण या उत्तराने रडूही अडलं.

"आम्हाला कामावर घेतलं तेव्हा मेट्रनने दिली होती," सासूबाई म्हणाल्या. "कात्री, दोरा आणि ही. पोर तग धरत नाही असं दिसलं की फादरची वाट बघायची नाही. कपाळावर पाणी, तोंडाने तेवढे शब्द, झाला बाप्तिस्मा. कुणीही केला तरी चालतो. नर्सने, झाडूवालीने, देव न मानणाऱ्याने सुद्धा. शेवटपर्यंत सांभाळली मी. नोकरी संपली तेव्हा बाकी सगळं जमा केलं, ही नाही केली."

"आणि पाणी नाही घातलं तर?"

"तर ते तसंच जातं. डाग घेऊन."

"कसला डाग? आत्ता कुठे मान धरायला लागलाय तो."

"प्रत्येकाला असतो. जन्मतानाच."

पाळण्यातून पायाचा आवाज येत होता, फळीवर टाचा आपटण्याचा. हाच आवाज ऐकून ही बाई रोज हसते, आणि त्याच पोराच्या अंगावर हिला डाग दिसतो.

"तुम्ही घातलंत त्याच्यावर? काल?"

"नाही." आता मात्र सासूबाईंनी मान वर केली. "तुम्ही दोघांनी नको म्हटलंत ना. झाकण उघडून उभी होते. श्वास परत आला, झाकण लावलं. आला नसता तर घातलं असतं, आणि मग तुझं काय ते ऐकून घेतलं असतं."

चोरी शोधायला निघावं आणि घरच्याच माणसाचा पाळलेला शब्द हाती लागावा, तसं तिचं झालं. या बाईने शब्द पाळला होता. बाटली उघडून, कपाळाच्या वीतभर वर धरून, पाळला होता.

"मग नावाने का हाक मारत नाही त्याला?"

मटाराची एक शेंग सासूबाईंच्या बोटांत तशीच राहिली. "नावाने हाक मारली की माणूस आता राहणारच असं वाटायला लागतं. एकदा मारली होती."

"कुणाला?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक झाला होता."

लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंच्या गुडघ्यापासून नवऱ्याच्या लहानपणच्या गोवरापर्यंत सगळं तिला पाठ होतं. हे नव्हतं.

"दिवस भरले नव्हते. घरीच झालं. रक्त थांबेना, मला शुद्ध नव्हती धड. पोर कण्हत होतं. मी नावाने हाक मारली तेवढं आठवतं. सासरे तुझे घाबरले, सायकल काढली आणि फादरना आणायला पळाले." त्या थांबल्या. "माझा कामावरचा झगा दारामागे खुंटीला होता. खिशात बाटली. भरलेली. त्यांनी सायकलची किल्ली घेतली ती त्याच खुंटीवरून."

"त्यांना माहीत नव्हतं? कुणीही करू शकतं म्हणून?"

"मी कधी सांगितलंच नव्हतं. कामावरचं बोलणं घरात आणायचं नाही असा माझाच नियम. फादर आले तोवर गार पडलं होतं. मग आत नाही घेत. दफनभूमीची भिंत असते ना, तिच्या पलीकडे, मागच्या अंगाला. ह्यांनीच खणलं. दगड नाही, काही नाही." शेंग कट्कन उघडली. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. पुढच्या पोराच्या डोक्यावर कशाला ओझं, म्हणून ह्यांनी मला शपथ घातली होती."

तिने नवऱ्याला सांगितलं नाही. पण फादरना फोन केला. एवढी शिकलेली ती, गप्प बसवेना तिला. जुना गैरसमज आहे, जाणकाराने दोन शब्द सांगितले की उतरेल, असं तिला मनापासून वाटत होतं. सगळं फोनवरच सांगून टाकलं, आणि नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

फादर शनिवारी दुपारी आले. तरुण होते, हेल्मेट मांडीवर घेऊन बसले, चहा घेतला, बाळाच्या नाकाला बोट लावलं. नवरा कोपऱ्यात पाळण्याचं सैल झालेलं चाक काढून हातात घेऊन स्क्रू ड्रायव्हरने आवळत होता.

"आई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंय," फादर म्हणाले. "तान्हं मूल पाण्यावाचून गेलं म्हणून देव त्याला दूर लोटतो असं आता नाही मानत. देवाच्या दयेवर सोडतो आपण ते. ते जुने विचार होते."

"कुणाचे?"

"होता एक बिशप, सोळाशे वर्षांमागे. फार मोठा माणूस. त्याचं आजही सगळे वाचतात, मीही वाचतो. पण तान्ही मुलं निर्दोष असतात असं म्हणणाऱ्यांशी त्याचा वाद जुंपला आणि तो इरेला पेटला. म्हणाला, पहिल्या आईबापाचं पाप प्रत्येक मूल घेऊनच येतं. पाणी मिळालं नाही तर सुटका नाही. फार तर शिक्षा सगळ्यांत सौम्य. पुढच्यांनी ते आणखी थोडं सौम्य केलं, पण मूळ त्याचंच. त्याने पाळण्यातली पोरंसुद्धा बारकाईने पाहिली होती. दुसरं पोर अंगावर पिताना बघून एक पोर मत्सराने पांढरंफटक पडलं, असं त्याने लिहून ठेवलंय."

तिने बाळाकडे पाहिलं. ती तरी दुसरं काय करत होती दिवसरात्र? पाळण्याशी वाकून एकेक श्वास, एकेक भुवई बघणं. तोही तसाच वाकला होता. त्याला तिथे पाप दिसलं.

"त्याला स्वतःला होतं मूल?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. एक मुलगा. कोवळ्या वयातच वारला."

"बाप्तिस्मा झाला होता?"

"झाला होता. बापलेकांचा एकाच दिवशी."

"मग त्याचं बरं," सासूबाई म्हणाल्या.

फादरनी कप खाली ठेवला. सासूबाईंनीच पुढे विचारलं, अगदी साध्या आवाजात, बस कधी सुटते असं विचारावं तसं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मानत नाहीत."

"तसं एका दिवसात ठरलेलं नाही, आई. हळूहळू."

"माझा गेला तेव्हा मानत होते?"

"तेव्हा... शिकवत तसंच असतील बहुतेक."

"म्हणजे तेव्हा तो बाहेर होता आणि आता आत आला?"

"नाही, नाही. तो कधीच बाहेर नव्हता."

"मग आम्ही त्याला बाहेर का पुरला?"

कोपऱ्यातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. फादरना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि माणूस भला असला की अशा वेळी नेमकं नको ते बोलतो. "आणि तशी ती भिंत तरी आता कुठे राहिली, आई? मागचं पार्किंग केलं तेव्हाच पाडली की ती."

तिच्या डोळ्यांपुढे गल्ली आली, टायरचं दुकान आलं, पाऊस असो ऊन असो चर्चपर्यंत चालत जाणाऱ्या सासूबाई आल्या. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"कुणाला पुरलं?" नवऱ्याने विचारलं. "कुठली भिंत? आई?"

फादरनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"तुझ्या थोरल्या भावावर गाडी कशी लावू देऊ तुला?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा हसला. सवयीने, आईचं काही ऐकलं की हसायचं तसं. मग ते हसू तोंडावरच राहिलं, त्याला ते काढता येईना. त्याने हातातल्या चाकाकडे पाहिलं आणि ते फार जपून जमिनीवर ठेवलं.

सासूबाईंनी खिशाचं बटण काढलं आणि बाटली टेबलावर, फादरच्या कपाशेजारी ठेवली. "मग ही कुणाला परत करायची? मेट्रन तर गेली." त्या सुनेकडे वळल्या. "आणि सोमवारपासून मला जमायचं नाही, बाई. दुसरं कुणी बघ."

"आई, असं काय?"

"आजवर मला ठाऊक होतं काय करायचं ते. आता काही झालं तर नुसती बघत उभी राहू?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी बाळाला हात लावला नाही. ते रडलं तेव्हा सुनेला हाक मारली. बाटली टेबलावर होती तिथेच राहिली. जेवताना नवऱ्याने ती जरा सरकवली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

रविवारी त्याने कुणी न सांगता गाडी गल्लीत लावली. टायरवाल्याने हात केला, याने केला नाही. चर्च सुटल्यावर तो म्हणाला, "दाखव." सासूबाई चर्चच्या मागे गेल्या, फरशांवरून, पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेकडेने, आपल्याच घरात अंधारात चालावं तशा. गटाराची जाळी आणि दिव्याचा खांब यांच्यामध्ये थांबल्या. तिथे कुणाची तरी निळी गाडी उभी होती.

"इथे?"

"खाली."

नवरा उकिडवा बसला आणि गाडीखाली पाहायला लागला. बराच वेळ बसला. ती बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि तिला त्याच्या पाठीकडे बघवेना. गाडीचा मालक किल्ल्या खुळखुळवत आला.

"काही पडलं का हो तुमचं?"

"हो," नवरा म्हणाला. मग उठला. "नाही. जरा गाडी काढता का?"

"निघालोच होतो."

गाडी गेली. खाली दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधोमध तेलाचा डाग. सासूबाई पट्टीच्या बाहेरच उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक नाव उच्चारलं. हाक नव्हती ती, नुसतं नाव. ते त्या घरातल्या कुणाचंच नव्हतं. नवऱ्याने हातरुमाल काढला, वाकून तेलाचा डाग पुसू लागला. तो पसरला फक्त. तरी पुसत राहिला.

सोमवारी सकाळी तिने प्रयोगशाळेत फोन केला नाही, रजा वाढवली नाही, दुसरी बाई शोधली नाही. भांड्यात पाणी उकळलं, गार केलं. टेबलावरची बाटली धुतली, भरली, झाकण घट्ट केलं. सासूबाई खुर्चीत नुसत्या बसून होत्या. दारामागचा एप्रन काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला, बाटली खिशात सरकवली आणि बटण लावलं.

"आता कशाला? फादर काय म्हणाले ऐकलंस ना."

"म्हणू देत."

"तू तर मानत नाहीस."

"नाही मानत."

"मग?"

बाळ रविवारपासून जरा घुरघुरत होतं, बहुतेक नाक चोंदलं असेल, बहुतेक काहीच नसेल. ती पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली. आणि मग तिने स्वतःचाच आवाज ऐकला.

"शब्द काय म्हणायचे असतात?"

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग सांगितले. अगदी थोडे होते. तिने पाढा म्हणावा तसे मागून म्हटले. सासूबाईंनी एक जागा सुधारली, "पाणी आणि शब्द एकदम हवेत, मागेपुढे नाही." तिने पुन्हा म्हटले, रिकामा हात वीतभर वर धरून. एकाही शब्दावर तिचा विश्वास नव्हता आणि एकही शब्द चुकला नाही.

आपण हे काय करतोय, या विचाराने तिचे कान तापले. कुठला कोण बिशप, कुठलं त्याचं भांडण, आणि ती इथे पायात चपला घालून त्याचा धडा गिरवत होती.

"जा आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एप्रन डोक्यातून घातला, नाडी मागे बांधली. "बस जाईल."

ती जिन्याच्या वळणावर पोचली असेल. वर बाळाने फळीवर टाचा आपटायला सुरुवात केली होती. मग सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत, रागावलेला. दुपटं लाथाडू नकोस म्हणून त्या त्याला दटावत होत्या. नावाने दटावत होत्या, पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट.

कठड्याला धरून ती पायरीवर खाली बसली आणि बस चुकली.